रेडे पाळायचे आहेत, सरकारी मदत कुठे मिळेल?

पंढरपूर तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. थोडक्यात ते असे: साडेचार एकर बागायत, गोठ्यात १४ म्हशी, दूध डेअरीला जाते. वर्षाला सहा-सात नर रेडकू होतात. त्यातले निम्मे पहिल्या दोन महिन्यांतच मरतात, उरलेले पाचशे-हजार रुपयांत व्यापारी घेऊन जातो. तोच व्यापारी पूर्ण वाढलेल्या, साडेतीनशे किलोच्या रेड्याला ३८ हजार देतो. मग २० रेडे पाळून मांसासाठी विकले तर? एक एजंट म्हणतो, "रेडेपालनाला ५० टक्के अनुदान आहे, प्रकल्प अहवालाचे १५ हजार द्या." हे खरे आहे का, कर्ज कुठे मिळेल आणि कायद्याची भानगड तर होणार नाही ना, असे तीन प्रश्न आहेत.

स. न. वि. वि.

एजंटाला पैसे देऊ नका. ५० टक्के अनुदानाची जी योजना तो सांगतो ती राष्ट्रीय पशुधन अभियानातली उद्योजकता विकास योजना. त्यात शेळी-मेंढी, कुक्कुट, वराह आणि वैरण हे विषय आहेत. २०२४ मध्ये घोडा, गाढव, खेचर आणि उंट आले. म्हैस किंवा रेडा त्यात नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात नर रेडकू वाचवून वाढवण्याची केंद्राची स्वतंत्र योजना होती, ती आता चालू नाही. पण तिचे जुने प्रकल्प अहवाल अजून फिरतात आणि नाव-गाव बदलून विकले जातात. तुमच्या एजंटाकडे बहुधा तसलाच कागद असेल.

याहून वाईट प्रकार म्हणजे कागदावर १०० शेळ्या आणि ५ बोकड दाखवायचे नि गोठ्यात रेडे बांधायचे. या योजनेचे अनुदान दोन हप्त्यांत येते. दुसरा हप्ता प्रकल्प पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष पाहणी होऊन मिळतो. पाहणीत शेळ्या दिसल्या नाहीत की पहिला हप्ता परत मागतात, आणि बँकेचे कर्ज मात्र तुमच्या सातबाऱ्यावर बसलेले असते. तो नाद नको.

"मांसासाठी रेडेपालन" या नावाने आज सरकारी अनुदान मिळत नाही, हे पक्के धरून चला. म्हणून सगळे दार बंद असेही नाही. गोठा, खेळते भांडवल, विमा, लसीकरण आणि वैरण या पाच ठिकाणी म्हैसपालक म्हणून तुमचा हक्क आहे, आणि नर रेडकू त्याच गोठ्यात वाढतो. मदत म्हशीच्या नावाने घ्यायची आणि रेडकाचा हिशेब वेगळा ठेवायचा, हा सरळ मार्ग आहे.

पण अर्ज करण्याआधी हिशेब बघा, कारण तिथेच तुमचे गणित चुकते आहे.

तुम्ही दिलेल्या भावाने साडेतीनशे किलोला ३८ हजार म्हणजे जिवंत वजनाला किलोमागे साधारण १०८ रुपये पडतात. आपण ११० धरू. समजा १२० किलोचे रेडकू वर्षभर वाढवले आणि रोज अर्धा किलो वजन वाढले. चांगल्या सांभाळात रेडकू ४०० ते ६०० ग्रॅम वाढतो, म्हणजे हा अंदाज फुगवलेला नाही. वर्षाअखेर वजन ३०० किलो, वाढ १८० किलो, तिचे पैसे १९,८००. आता खर्च. त्या काळात जनावराचे सरासरी वजन २१० किलो असते आणि त्याला रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे सव्वापाच किलोच्या आसपास कोरडा आहार लागतो. तुमच्या पत्रातले दर लावले तर दीड किलो पशुखाद्य (२८ रुपये किलो) ४२ रुपयांचे, अडीच किलो कडबा कुट्टी (८ रुपये) २० रुपयांची आणि १० किलो विकतचा ओला चारा (अडीच रुपये) २५ रुपयांचा. रोजचे ८७ रुपये झाले. एक किलो वजन चढायला १७४ रुपये खर्च आणि विक्री ११० ला. जितके जास्त रेडे, तितका मोठा तोटा.

अनुदान मिळाले असते तरी हा तोटा भरून निघाला नसता. अनुदान गोठ्याला मिळते, रोजच्या वैरणीला मिळत नाही.

आता दुसरी मांडणी करा. पशुखाद्य एक किलो, २८ रुपये. युरिया प्रक्रिया केलेला गव्हाचा भुसा तीन किलो, चार रुपयांच्या आसपास किलो धरून १३ रुपये. स्वतःच्या शेतातला आठ किलो ओला चारा, लागवडीचा खर्च रुपयाला किलो धरून ८ रुपये. एकूण ४९. अशा आहारावर वाढ साडेचारशे ग्रॅम धरा. किलोमागे खर्च १०९ रुपये येतो, म्हणजे विक्रीच्या भावाशी जेमतेम बरोबरी. यात मजुरी धरलेली नाही. नफा उरतो तो दोनच गोष्टींतून: रेडकू घरचे असले पाहिजे, आणि विक्री भाव चढलेला असताना झाली पाहिजे. म्हणून २० नकोत. घरचे पाच-सहा वाढवा, एक फेरी वजन-खर्च लिहून पूर्ण करा, मग पुढचे बघा. वजनकाटा नसेल तर दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर फितीने मोजून नोंदवा. दोन नोंदींत घेर वाढला नाही तर खुराक बदलायचा की जंत तपासायचे हे लगेच कळते.

भुशाच्या प्रक्रियेत चूक झाली तर जनावर दगावते, म्हणून नीट सांगतो. १०० किलो भुशाला ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. खडा राहता कामा नये. फरशीवर किंवा ताडपत्रीवर भुशाचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर झारीने पाणी सारखे शिंपडायचे आणि पायाने दाबत जायचे. वरून प्लास्टिकने असे झाकायचे की हवा आत जाणार नाही. २१ दिवस उघडायचे नाही. खायला घालण्याआधी लागेल तेवढाच भुसा बाहेर काढून तासभर पसरून ठेवा, डोळ्यांना झोंबणारा वास उडून जाऊ द्या. पहिले आठ-दहा दिवस साध्या भुशात मिसळून हळूहळू वाढवा. सहा महिन्यांखालच्या रेडकाला हा भुसा अजिबात नको, त्याचे पोट अजून त्यासाठी तयार झालेले नसते. युरियाचे पाणी उरले तर ते बादलीत उघडे ठेवू नका. जनावराने तोंड लावले तर तासाभरात फुगून पडते.

तुमच्याकडे निम्मी रेडकू मरतात, हा खरा तोटा आणि तो थांबवायला पैसे फार लागत नाहीत. नर आहे म्हणून त्याला चीक पुरेसा पाजत नाहीत, इथूनच सुरुवात होते. ३० किलोच्या रेडकाला पहिल्या २४ तासांत ३ लिटर चीक गेला पाहिजे, आणि त्यातला पहिला भाग जन्मल्यापासून दोन तासांच्या आत. वार पडायची वाट बघत बसू नका. नाळ बेंबीपासून दोन इंच सोडून कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. मग येतो म्हशीच्या रेडकांचा मोठा शत्रू, गोलकृमी. हा जंत आईच्या दुधातून पोटात जातो, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी टळत नाही. मातकट-पांढरट, घाण वासाची हगवण, पोट सुटलेले आणि केस राठ, ही त्याची ओळख. जंताचे पहिले औषध दहाव्या ते पंधराव्या दिवशी, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्याला एकदा. औषध आणि मात्रा वजनावरून दवाखान्यातून ठरवून घ्या.

लाळ्या-खुरकुताची लस केंद्राच्या कार्यक्रमात मोफत असते, ती चुकवू नका. घटसर्पाची पावसाळ्याआधी. ब्रुसेलाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी रेडकांना देतात. तुमच्या नराला ती दिली नाही म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका.

आता मदतीकडे येऊ. सगळ्यात आधी कानातला बिल्ला. बारा आकडी क्रमांकाचा हा बिल्ला पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून मिळतो आणि 'भारत पशुधन' प्रणालीत नोंद होते. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बरेच पशुपालक म्हशींना बिल्ले मारून घेतात आणि नर रेडकू "आज ना उद्या जाणारच" म्हणून सोडून देतात. मग विकायच्या दिवशी धावाधाव होते. प्रत्येक रेडकाला बिल्ला मारा, क्रमांक वहीत लिहा आणि त्या क्रमांकासह जनावराचा फोटो फोनमध्ये ठेवा.

गोठ्यासाठी रोजगार हमीतून मदत आहे. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने आलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २ ते ६ गुरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये, ६ ते १२ ला दुप्पट आणि १२ ते १८ ला तिप्पट असे मापदंड आहेत. तुमच्या १४ म्हशी तिसऱ्या गटात बसतात, म्हणजे त्या दराने २,३१,५६४ रुपये. एका युनिटचे माप ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, सोबत गव्हाण, २५० लिटरची मूत्रसंचय टाकी आणि २०० लिटरची पाण्याची टाकी. साडेचार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, त्यामुळे अल्पभूधारक म्हणून पात्र ठरता. जॉब कार्ड, सातबारा, आठ-अ आणि बिल्ले मारलेल्या म्हशींचा दाखला घेऊन अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. चालू वर्षाचे दर आणि नियम कोणते लागू आहेत ते अर्जाच्या दिवशीच ग्रामरोजगार सेवकाकडून लेखी बघून घ्या.

हे प्रस्ताव अडकतात ते कुशल-अकुशल खर्चाच्या प्रमाणावर. ७७,१८८ मधले अकुशल मजुरीचे फक्त ६,१८८ आहेत, बाकी सगळे सिमेंट-पत्रा-गवंडी. रोजगार हमीला मात्र मजुरी आणि साहित्य यांचे ६०:४० चे प्रमाण राखावे लागते. गावात वृक्षलागवड, शेततळे, बांधबंदिस्ती अशी मजुरीची कामे पुरेशी चालू नसली की गोठ्यांच्या फायली पंचायत समितीत पडून राहतात. म्हणून "माझी फाईल का अडली" असे विचारण्यापेक्षा ग्रामसभेत मजुरीची कामे आराखड्यात घ्यायला लावा. आणि मंजुरीचा कार्यारंभ आदेश हातात येईपर्यंत पाया खणू नका. आधी झालेल्या बांधकामाचे पैसे मिळत नाहीत.

खेळत्या भांडवलासाठी पशुपालनाचे किसान क्रेडिट कार्ड. फेब्रुवारी २०१९ पासून ते पशुपालकांना खुले आहे. व्याज ७ टक्के, वेळेत फेड केली तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्के. पशुपालनासाठी ही सवलत २ लाखांपर्यंत, आणि पीककर्ज धरून एकत्रित ३ लाखांपर्यंत. तुमचे पीककर्ज १ लाख ६० हजार आहे असे लिहिले आहे, तेव्हा सवलतीत आणखी १ लाख ४० हजार बसतील. तारणाशिवायच्या शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाख झाली आहे. दोन्ही कर्जे मिळून तुम्ही तिच्यावर जाता, त्यामुळे बँक बोजा चढवायला सांगेल, हे मनात धरून जा.

इथे एक फसगत होते. सूट मिळवायला उचल केल्यापासून वर्षाच्या आत फेड करावी लागते. रेडा जन्मापासून विक्रीपर्यंत दीड ते दोन वर्षे घेतो. विक्रीच्या पैशावर फेडीचा भरवसा ठेवला की तारीख हुकते आणि २ लाखांवर ८ हजारांऐवजी १४ हजार व्याज पडते, शिवाय खाते थकीत होण्याची भीती. उपाय असा: डेअरीच्या दर दहा दिवसांच्या बिलातून ठरावीक रक्कम कार्डाच्या खात्यात भरत राहा आणि लागेल तशी उचला. रेड्याच्या पैशाची वाट बघायची नाही. दुसरे, जिल्ह्याच्या तांत्रिक समितीने ठरवलेल्या दरपत्रकात नर रेड्याचा दर नसू शकतो आणि शाखाधिकारी तेवढ्यावरून नाही म्हणेल. तुम्ही १४ दुभत्या म्हशींच्या खाद्य-औषध खर्चावर मर्यादा मागा. घरची रेडकू त्याच गोठ्याचा भाग आहेत. मात्र या पैशातून बाजारातून रेडे विकत आणू नका, हे कर्ज जनावर खरेदीचे नाही.

विमा घ्याच. २०२४ पासून हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्के आहे, उरलेला केंद्र आणि राज्य भरते, आणि एका कुटुंबाला १० मोठ्या जनावरांपर्यंत लाभ आहे. १० जागा आणि १४ म्हशी, तेव्हा आधी जास्त दुधाच्या म्हशी बसवा. नर म्हैसवर्गीय जनावर या योजनेत भारवाहू म्हणून धरले जाते, त्यामुळे वाढत्या रेडकाला कंपनी कोणत्या रकान्यात घेते ते हप्ता भरण्याआधी लेखी विचारा. जनावर मेले तर त्याच दिवशी कळवा, डॉक्टर येऊन पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत कानातला बिल्ला काढू नका. बिल्ला नाही तर भरपाई नाही, असेच सगळीकडे आहे.

वैरणीचे बियाणे पशुसंवर्धन विभागाच्या वैरण कार्यक्रमातून मिळते, हंगामाआधी पंचायत समितीत नाव नोंदवा. मुरघासाच्या (हवाबंद साठवून आंबवलेल्या ओल्या चाऱ्याच्या) युनिटला राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान, कमाल ५० लाखांपर्यंत आहे, पण ते एकट्या साडेचार एकरवाल्याचे काम नाही. गावात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर त्यांच्यासमोर हा विषय ठेवा. स्वस्त मुरघास मिळाला तर वरचे सगळे गणित बदलते. पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीत ३ टक्के व्याजसवलत आहे, त्यात मांसप्रक्रिया आणि पशुखाद्य कारखाने येतात, नुसते जनावर पाळणे नाही. आणि मुलाने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून मांसाचे दुकान काढावे असा विचार असेल तर कापलेल्या मांसाशी संबंधित प्रक्रिया उद्योग त्यांच्या नकारात्मक यादीत, म्हणजे मदत न मिळणाऱ्या उद्योगांत आहेत.

कायद्याचे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाय, वळू आणि बैल यांची कत्तल पूर्ण बंद आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हैसवर्ग या बंदीत नाही. पण म्हैस आणि रेडकू कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा लेखी दाखला लागतो. कत्तलही परवाना असलेल्या जागीच. तुम्ही जनावर पाळणारे आणि जिवंत विकणारे, एवढीच भूमिका ठेवा. घरी किंवा शेतात कापणे, वाटे घालणे, काही नाही. गोठ्यात एखादा खोंड असेल तर तो रेड्यांसोबत एकाच गाडीत कधीही चढवू नका.

विक्री बाजार समितीच्या आवारातच करा आणि पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक लिहून घ्या. गाडी खरेदीदाराची असावी, पण गाडी भरताना तुम्ही हजर राहा. मोठ्या जनावराला २ मीटर बाय १ मीटर जागा, एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त नाहीत, प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत. बहुतेक गुन्हे जनावर रेडा असूनही दाखल होतात ते याच कारणांनी: गाडीत दाटी, दाखला नाही, पाणी-वैरण नाही. रस्त्यात पोलिसांखेरीज कोणी गाडी अडवली तर हुज्जत न घालता ११२ ला फोन करा. २०२५ च्या जुलैत गाड्या अडवण्याच्या याच जाचाला कंटाळून राज्यातल्या मांस व्यवसाय करणाऱ्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली होती आणि बाजारात म्हशी-रेड्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. तसे पुन्हा झाले तर एक-दोन महिने रेडे थांबवून ठेवायची वैरण तुमच्याकडे हवी.

भाव बकरी ईदच्या आधी चढतो. ती तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून रेडकू विकायचा महिना आजच ठरवू नका, दरवर्षी पंचांग बघून पुढचा हिशेब मांडा. व्यापाऱ्याकडून पैसे खात्यावरच घ्या. डेअरीची बिले आणि या नोंदी मिळून वर्षभराचे खाते उतारे तयार झाले की पुढच्या खेपेला कार्डाची मर्यादा वाढवून मागायला तोच कागद कामाला येतो.

येत्या आठवड्यात दोनच कामे करा. दवाखान्यात जाऊन म्हशींचे आणि आज गोठ्यात असलेल्या रेडकांचे बिल्ले तपासा, पडलेले पुन्हा मारून घ्या. आणि दहा ते पंधरा दिवसांचे रेडकू असेल तर त्याला जंताचे औषध पाजून या.